राष्ट्रचिन्हे आणि सातपुड्याचा माणूस

१

१५ ऑगस्ट २०२५ ला नंदुरबार जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या चार वस्त्यांवर प्रथमच तिरंगा फडकला, अशी बातमी वर्तमानपत्रांतून आली. उदाड्या, खापरमाळ, सादरी, मांजणीपाडा ही त्या वस्त्यांची नावे. धड रस्ता नाही, विजेची तार नाही, अशा ह्या डोंगरातल्या वस्त्या. तिथे मुलांना शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे ध्वजारोहण केले.

ह्या बातमीवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया मला ऐकायला मिळाल्या. एक वर्ग गहिवरला. अखेर राष्ट्र सातपुड्यात पोहोचले, असे त्याला वाटले. दुसरा वर्ग उपहासाने हसला. ज्या गावाला दिवा नाही त्याला झेंडा कशाला, असे त्याचे म्हणणे. मला ह्या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात. पहिलीत झेंडा म्हणजेच राष्ट्र असे गृहीत धरलेले आहे. दुसरीत गरीब माणसाला भाकरीपलीकडे काही लागत नाही, असे गृहीत आहे. आणि हे गृहीत तर आपल्याला फार दिवसांपासून ओळखीचे आहे. महाडच्या तळ्यावर बाबासाहेब गेले तेव्हाही शहाण्या लोकांनी विचारले होतेच, की त्या पाण्याने तुमची कोणती गरिबी दूर होणार?

प्रतीकांना अर्थ असतो, हे दलित चळवळीला कोणी शिकवण्याची गरज नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. त्यानंतर मराठवाड्यात घरे जळाली, पोचिराम कांबळ्यांसारख्या माणसांचे खून पडले, आणि नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षे! ज्यांनी विरोध केला त्यांना त्या नावाचा अर्थ पुरता कळला होता. प्रतीक निव्वळ शोभेचे असते तर प्रस्थापितांनी त्यासाठी एवढी आग लावली नसती.

म्हणून प्रश्न झेंडा हवा की नको हा नाही. कुठल्याही राष्ट्रचिन्हाला, सरकारी मुद्रेला, पुतळ्याला, पाटीला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. हे चिन्ह कोणाची आठवण ठेवते आणि कोणाची पुसते? आणि ह्या चिन्हाबरोबर लोकांच्या हाती कोणता अधिकार येतो? ह्या दोन प्रश्नांच्या उजेडात नंदुरबार जिल्हा वाचायचा मी इथे प्रयत्न करतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यात शंभरांत एकोणसत्तर माणसे अनुसूचित जमातींची आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, धानका ही इथली बहुसंख्य प्रजा. राष्ट्रचिन्हांची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते.

२

आधी झेंड्याकडेच वळू. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने तिरंगा स्वीकारला. त्याआधी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली ध्वजासाठी जी समिती नेमली होती तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सभासद होते. चरखा गेला आणि सारनाथच्या अशोकस्तंभावरचे धम्मचक्र आले. पुढे २६ जानेवारी १९५० ला त्याच स्तंभाचे सिंहशीर्ष राजमुद्रा झाले. ज्या धम्माला ह्या देशात शतकानुशतके गाडून टाकले होते, त्या धम्माची खूण देशाच्या मध्यभागी आली. आपल्या वस्त्यांमध्ये ह्या चक्राकडे बघण्याची एक वेगळी नजर आहे. त्या निळ्या चक्रामुळे हा झेंडा आम्हांला परका वाटत नाही. आमच्या इतिहासाला त्यात शिरायला एक दार आहे.

असे दार सातपुड्यातल्या भिल्लाला आहे काय?

हा प्रश्न त्याच दिवशी, त्याच सभागृहात एका माणसाने उभा केला होता. त्याचे नाव जयपालसिंग मुंडा. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या हिंदी हॉकी संघाचा हा कप्तान छोटा नागपूरच्या आदिवासींचा पुढारी म्हणून घटना समितीत बसला होता. त्याचे त्या दिवशीचे भाषण मी वारंवार वाचले आहे. ते छोटे आहे. पण आपल्याकडच्या प्रतीकचर्चेत ते यावे तसे आलेले नाही. जयपालसिंगांनी ठरावाला पाठिंबा दिला. पण पाठिंबा देताना त्यांनी सभेला बजावले, की झेंडा उभारणे ही आर्य आणि सुसंस्कृत म्हणवणाऱ्यांची मिरास आहे असे कोणी समजू नये. झेंडे उभारण्यात आणि झेंड्यासाठी लढण्यात आदिवासी पहिले आहेत. छोटा नागपूरच्या जत्रांमध्ये प्रत्येक गावाचा आपला झेंडा असतो, प्रत्येकाची जत्रेत शिरण्याची वाट ठरलेली असते आणि दुसऱ्याच्या झेंड्याची नक्कल कोणी करू शकत नाही, हे त्यांनी सांगितले. आणि मग ते म्हणाले, की इथून पुढे झेंडे दोन असतील. एक सहा हजार वर्षांपासून चालत आलेला आणि दुसरा हा राष्ट्राचा.

ह्या भाषणाचे मोठेपण त्याच्या रचनेत आहे. जयपालसिंग राष्ट्रध्वज नाकारत नाहीत. पण तो दिला जातो आहे आणि आम्ही तो कृतज्ञतेने घेतो आहोत, हा सूर ते लावत नाहीत. ज्याच्यापाशी आधीच एक झेंडा आहे असा माणूस दुसरा झेंडा बरोबरीच्या नात्याने स्वीकारतो आहे. झेंडा पोचवणारे आणि झेंडा पोचवून घेणारे, अशी विभागणीच ते मान्य करीत नाहीत. २०२५ च्या बातमीत ही विभागणी अठ्ठ्याहत्तर वर्षांनंतरही शाबूत दिसते. त्या बातमीत सातपुडा म्हणजे एक रिकामी जागा आहे. जिथे काही नव्हते, तिथे झेंडा आला. ध्वजारोहण करणाऱ्या कार्यकर्त्यांवर हा आक्षेप नाही. लोकांना त्यांच्या घटनात्मक हक्कांची ओळख व्हावी हा त्यांचा हेतू होता आणि तो चांगलाच आहे. माझा आक्षेप त्या बातमीला आनंदाने टाळ्या वाजवणाऱ्या मनावर आहे.

३

आता पहिला प्रश्न, आठवणीचा.

नंदुरबार शहरात ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा हातातला झेंडा न सोडता पडला. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही मुलेही गेली. ह्या बलिदानापुढे मान लववली पाहिजे. शहरात त्यांचे स्मारक आहे आणि महाराष्ट्रातल्या शाळांमधून शिरीषकुमारचे नाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे. ते योग्यच आहे.

त्यानंतर सहा महिन्यांनी, २ मार्च १९४३ रोजी, ह्याच मुलखात तळोदा तालुक्यातल्या रावलापाणी येथे जमलेल्या आदिवासींवर इंग्रजी सत्तेच्या बंदुका चालल्या. अनेक माणसे मेली. हे लोक संत गुलाम महाराजांच्या आप पंथाचे. गुलाम महाराज मोरवडचे, भिल्ल समाजातले. तिसाव्या दशकाच्या अखेरीस त्यांनी डोंगरात आणि सपाटीवर हजारो आदिवासींना एकत्र आणले. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकत्र बसून आरती म्हणा, असे साधेच त्यांचे सांगणे. १९३८ मध्ये ते वारले आणि त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी चळवळ पुढे चालवली. 'आप की जय' हा त्यांचा जयजयकार. ज्या माणसाला सावकार, फौजदार, गुत्तेदार आणि जमीनदार जन्मभर अरेतुरे करीत आले, त्याने 'आप' हा शब्द आपल्या पंथाचे नाव म्हणून उचलावा, ह्यात केवढी मोठी क्रांती आहे! ह्या शब्दात झेंड्याइतकीच ताकद होती. दारू सोडल्याने गुत्तेदाराचा धंदा आणि सरकारचा अबकारी महसूल बुडत होता. माणसे एकत्र आल्याने सावकाराची बिनबोभाट वसुली अडत होती. सत्तेला ते खपणे शक्य नव्हते.

दोन्ही गोळीबार एकाच मुलखातले, एकाच सत्तेने केलेले, सहा महिन्यांच्या अंतराने झालेले. पण पहिला राज्याच्या पाठ्यपुस्तकी स्मृतीत गेला आणि दुसरा जिल्ह्याबाहेर फारसा कोणाला ठाऊक नाही. दर २ मार्चला रावलापाणीला लोक जमतात, हुतात्म्यांना वंदन करतात, नाल्यातल्या दगडांवरच्या गोळ्यांच्या खुणा नव्या पिढीला दाखवतात. ही आठवण लोकांनी स्वतःच्या बळावर राखली.

असे का झाले? शहरातल्या मुलांच्या हातात तिरंगा होता. तो पुढे राष्ट्राचा झेंडा झाला, म्हणून त्यांचे मरण आपोआप राष्ट्रीय ठरले. रावलापाणीच्या माणसांच्या ओठांवर 'आप की जय' होते. ती घोषणा राष्ट्राने आपली म्हणून घेतली नाही, म्हणून ते मरण स्थानिक राहिले, धार्मिक पंथाच्या खात्यावर जमा झाले. म्हणजे चिन्ह नुसते आठवण जपत नाही. ते आठवणींची प्रतवारी लावते. कोणाचे रक्त इतिहासात जायचे आणि कोणाचे नाल्यात, हे ते ठरवते. शिरीषकुमारची जागा कमी करून रावलापाणीला द्या, असे मी मुळीच म्हणत नाही. दोन्ही हुतात्म्यांना एका पानावर आणा, एवढेच माझे म्हणणे आहे. जयपालसिंगांच्या दोन झेंड्यांचा अर्थ नंदुरबारात असा होतो.

४

दुसरा प्रश्न अधिकाराचा. तो समजण्यासाठी जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यात, अक्कलकुव्याच्या बाजूला जावे लागते. इंग्रजी अमलात तिथे मेहवासी संस्थाने म्हणून ओळखली जाणारी सहा छोटी संस्थाने होती. काठी, चिखली ही त्यांतली. डोंगरातल्या प्रमुखांशी सतत लढत बसण्यापेक्षा त्यांना मान द्यावा, नेमणूक द्यावी, डोक्यावर एक एजंट बसवावा आणि त्यांच्याकरवी डोंगर शांत ठेवावा, हे इंग्रजांचे धोरण. १८२५ मध्ये औट्रामने खानदेशात भिल्लांचीच पलटण उभी केली, तीही ह्याच धोरणाची दुसरी बाजू. प्रमुखाला राजाची पदवी मिळाली. भिल्लाला काय मिळाले, ते भिल्लच जाणे.

आज त्या काळाची जी खूण जगाला माहीत आहे ती म्हणजे काठीची राजवाडी होळी. उंचच उंच बांबू जंगलातून आणतात, खड्डा हत्यार न लावता हातांनी उकरतात, रात्रभर ढोल वाजतात आणि पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला भोपळे बांधलेले नाचे रात्रभर नाचतात. हजारो आदिवासी डोंगर उतरून येतात. मी तिला उत्सवापेक्षा लोकांची ध्वजकाठी म्हणतो. तो बांबू उभा करताना कोणी फर्मान काढत नाही, कोणाची सलामी नसते. सगळे मिळून तो उभा करतात. बाहेरून येणारे मात्र तिचे छायाचित्र काढतात, तिला पर्यटनाचे आकर्षण म्हणतात आणि मोटारी घेऊन परततात. राजवाडी हा शब्द त्यांना आवडतो. हात मात्र त्यांच्या नजरेत भरत नाहीत.

ह्या मेहवासी प्रमुखांचे मालकी हक्क 'पश्चिम खानदेश मेहवासी इस्टेट' संबंधीच्या १९६१ च्या विनियमनाने रद्द झाले. हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला नेमके उलटे घडले. प्रशांत महासागरातल्या वालिस आणि फुतुना ह्या फ्रान्सच्या ताब्यातल्या चिमुकल्या बेटांना २९ जुलै १९६१ च्या फ्रेंच कायद्याने नवा दर्जा मिळाला. त्या कायद्याने उवेआ, आलो आणि सिगावे ह्या तिथल्या तीन पारंपरिक राज्यांना मान्यता दिली. बेटांवर फ्रान्सचा तिरंगा हाच अधिकृत झेंडा. पण तिन्ही राज्यांचे आपापले झेंडेही आहेत. राजांना फ्रेंच सरकारकडून मानधन मिळते आणि ते प्रदेशाच्या सल्लागार मंडळावर बसतात. निवडून आलेली एक विधानसभाही आहे. मात्र कारभाराच्या शिखरावर पॅरिसने नेमलेला प्रशासक असतो.

वरवर पाहता हे आपल्या मेहवासी व्यवस्थेचेच चिरंजीव रूप वाटते. पण एक फरक नोंदवला पाहिजे. त्या बेटांवर जमीन रूढीप्रमाणे कुळांकडेच राहिली; बाहेरच्याला ती विकत घेता येत नाही. म्हणजे चिन्हाबरोबर अधिकाराचा एक तुकडा तरी लोकांच्या पदरात पडला. आपल्याकडे संस्थान गेले ते बरेच झाले. राजा परत आणा, असे आंबेडकरी विचाराचा माणूस कधी म्हणणार नाही. तिथले राजे वंशाच्या मोठेपणातून येतात आणि सामान्य कुळाच्या माणसाला त्या गादीची वाट बंद असते, हेही विसरता येत नाही. पण संस्थान गेल्यावर जंगल भिल्लाचे झाले काय? सातपुड्यात मेहवासी प्रमुखाची जागा वनखात्याच्या राखणदाराने घेतली. त्याच्या टोपीवरची राजमुद्रा अशोकाची होती, एवढाच फरक.

फ्रान्सच्याच ताब्यातल्या न्यू कॅलेडोनिया ह्या बेटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथले मूळ रहिवासी कनाक. १८८७ पासून १९४६ पर्यंत त्यांच्यावर वेगळा 'देशी' कायदा लादलेला होता. परवानगीवाचून त्यांना आपल्या राखीव टापूबाहेर पडता येत नसे. आणि हे ज्या फ्रान्सच्या झेंड्याखाली चालले होते त्याचे बोधवाक्य स्वातंत्र्य, समता, बंधुता! आपले हे तत्त्वज्ञान आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाही, आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले आहे, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात का सांगितले असेल, ह्याचे एक उत्तर मला कनाकांच्या इतिहासात सापडते. बोधवाक्य कोरणे सोपे असते.

१९९८ च्या नूमेआ कराराने ह्या बेटाला स्वतःची ओळखचिन्हे ठरवण्याचा हक्क दिला: नाव, झेंडा, गीत, बोधवाक्य, नोटांवरची चित्रे. २०१० मध्ये गीत आणि बोधवाक्य ठरले. त्याच वर्षी फ्रान्सच्या झेंड्याशेजारी कनाकांचा झेंडाही सरकारी इमारतींवर चढला. जयपालसिंगांचे दोन झेंडे तिथे शब्दशः उभे राहिले, असे वाटावे. पण मे २०२४ मध्ये पॅरिसच्या संसदेने मतदारयादी रुंदावण्याचे ठरवले, म्हणजे आपल्याच भूमीत कनाकांचे मत पातळ करण्याचे ठरवले, तेव्हा ते बेट पेटले आणि माणसे मेली. झेंडा देताना सत्ता उदार होती. मत कोणाचे मोजायचे, हा प्रश्न येताच ती मूळ स्वभावावर आली. सत्ता कुठे हात आखडते तिकडे पाहावे; खरा अधिकार तिथे असतो.

५

आपली सत्ता कुठे हात आखडते?

२९ सप्टेंबर २०१० रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग आणि सोनिया गांधी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी आले. देशातले पहिले आधार क्रमांक तिथे वाटण्यात आले. पहिला क्रमांक एका आदिवासी स्त्रीला मिळाला. ह्याहून मोठे प्रतीक काय असणार? ज्याची कुठेच नोंद नव्हती त्या माणसाची राष्ट्राने पहिली नोंद केली! छायाचित्रे देशभर गेली. पण क्रमांक हे मोजणीचे साधन आहे. तो सरकारला माणसाची ओळख पटवून देतो. माणसाला सरकारवर हुकमत देत नाही. पुढे त्याच गावात वार्ताहर फिरून फिरून गेले आणि काम नाही, मजुरीसाठी गाव सोडावे लागते, ह्याच हकिगती घेऊन परतले. राज्याने माणूस मोजला, पण माणसाने राज्याला हिशेब विचारायचा तर त्याची जागा टेंभलीच्या व्यासपीठावर नव्हती.

ती जागा घटनेत आहे. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके आणि नंदुरबार, शहादा तालुक्यांचा काही भाग पाचव्या अनुसूचीखाली येतो. ह्या अनुसूचीने राज्यपालाला विलक्षण अधिकार दिलेले आहेत. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू होणार नाही किंवा फेरफार करून लागू होईल, असे तो ठरवू शकतो. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर आणि त्यांना सावकारी कर्ज देण्यावर तो निर्बंध घालणारे विनियमन करू शकतो. दरवर्षी राष्ट्रपतींना ह्या क्षेत्राच्या कारभाराचा अहवाल पाठवणे हे त्याचे कर्तव्य आहे. मेहवासी इस्टेटी ज्या विनियमनाने गेल्या ते असल्याच अधिकाराचे अपत्य. म्हणजे हा अधिकार चालवता येतो. चालवायचे मनात असावे लागते. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे गिळली, मणिबेलीपासून सुरुवात झाली, तेव्हा हा अधिकार गावांच्या बाजूने उभा राहिला नाही. राजभवनावर झेंडा होता. पाचवी अनुसूची कागदावर होती. पाणी वर चढत राहिले.

२४ डिसेंबर १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे दिले ते ह्याहून मूलगामी आहे. गौण वनोपजावर मालकी, जमीन संपादनाआधी सल्लामसलत, गेलेली जमीन परत मिळवण्याचा अधिकार, सावकारीवर नियंत्रण, आणि दारूवर नियंत्रण. शेवटचा शब्द पुन्हा वाचावा. ज्या दारूबंदीसाठी गुलाम महाराजांचे लोक सत्तेच्या डोळ्यांत खुपले, तोच अधिकार अर्ध्या शतकानंतर कायद्याने त्यांच्या गावाला दिला. महाराष्ट्राने ह्या कायद्याचे नियम करायला २०१४ साल उजाडू दिले. अठरा वर्षे! क्रमांक वाटायला मंडप एका दिवसात उभा राहतो. ग्रामसभेला अधिकार द्यायचा तर अठरा वर्षे लागतात. सत्ता कुठे हात आखडते, ह्याचे उत्तर हे.

ह्या ग्रामसभेला झेंडा नाही, मुद्रा नाही, गीत नाही. झाडाखाली बसलेली माणसे एवढेच तिचे रूप. आणि तरीही नंदुरबारातले सर्वांत मोठे राष्ट्रचिन्ह मी तिलाच मानीन. कारण तिच्यात घटनेतला 'आम्ही भारताचे लोक' हा शब्द देहाने हजर असतो. मात्र तिच्यातही गावचा बडा माणूसच बोलतो की मजूर बाईही बोलते, हे विचारावे लागेल. वालिसच्या राजाला लावलेली कसोटी आपल्या ग्रामसभेला माफ नाही.

अधिकार वरून वाटला म्हणून कधी मिळत नाही, हे शहाद्याच्या भूमीने दाखवून दिले आहे. अंबरसिंग सुरतवंती ह्या भिल्ल तरुणाने आणि १९७२ पासून श्रमिक संघटनेने बड्या शेतकऱ्यांनी गिळलेल्या जमिनींचा आणि सालदारांच्या मजुरीचा प्रश्न रस्त्यावर आणला. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचे महाराष्ट्राचे १९७४ चे कायदे अशा लढ्यांच्या पाठीवर आलेले आहेत. ह्या लढ्याचा पुतळा शोधण्यापेक्षा सातबाऱ्याचा उतारा शोधावा. ज्याच्या नावावर जमीन परत चढली, त्याच्या घरात राष्ट्राचे खरे चिन्ह आहे.

६

शेवटी आपल्याच घराकडे वळतो. मी आंबेडकरी चळवळीतला आहे, आदिवासी नाही. म्हणून हे बोलणे मला आवश्यक वाटते.

१९४५ च्या 'कम्युनल डेडलॉक' ह्या भाषणात बाबासाहेबांनी असे म्हटले होते, की आदिवासी जमातींमध्ये राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याइतकी राजकीय जाण अद्याप आलेली नाही. हे मत त्यांच्या ग्रंथांत छापलेले आहे आणि आदिवासी अभ्यासक ते आपल्याला वाचून दाखवतात. त्यावर आपण गप्प बसतो किंवा चिडतो. दोन्ही गैर आहे. ते भाषण झाले त्याच्या दोनच वर्षे आधी रावलापाणीला माणसे मेली होती. राजकीय जाण तिथे होती. ती दिल्लीपर्यंत पोहोचण्याची वाट नव्हती. बाबासाहेबांचे प्रत्येक विधान कसोटीला लावण्याचा हक्क त्यांच्याच विचाराने आपल्याला दिला आहे. त्याच बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले, की राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत आणि ती लवकर मिटवली नाही तर लोकशाहीचा डोलारा उद्ध्वस्त होईल. झेंडा आहे, दिवा नाही, ह्या विसंगतीचे इतके अचूक निदान दुसऱ्या कोणी केलेले नाही.

दलित साहित्याने ह्या प्रश्नात काय करावे? आदिवासींच्या वतीने बोलू नये, हे पहिले. शहाद्याच्याच लढ्यातून आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांनी 'स्टेज' ह्या कवितेत व्यासपीठावर कोण चढतो आणि खाली कोण बसवला जातो, हा प्रश्न सर्व पुरोगाम्यांना विचारून ठेवला आहे. आपली व्यासपीठे त्यातून सुटत नाहीत. आपल्या नियतकालिकांनी रावलापाणीचा इतिहास तिथल्या माणसांकडून लिहवून घ्यावा, भिली आणि पावरी बोलींतले लेखन छापावे, घटना समितीतले जयपालसिंगांचे भाषण बाबासाहेबांच्या भाषणांशेजारी ठेवून अभ्यासवर्गांत वाचावे. ही दोन भाषणे एकत्र वाचल्याशिवाय आपल्या घटनेचा अर्थ पुरा होत नाही, असे माझे मत आहे.

आणि शिक्षक मित्रांना एक सांगणे आहे. नंदुरबारच्या शाळांत दर १५ ऑगस्टला झेंडा चढेल तेव्हा मुलांना तीन गोष्टी सांगा. चक्र कुठून आले ते सांगा. ९ सप्टेंबर आणि २ मार्च ह्या दोन्ही तारखा सांगा. आणि ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीला जाऊन काय विचारायचे, ते सांगा. उदाड्याच्या मुलाने उद्या ग्रामसभेत उठून विचारले, की आमचा रस्ता कोणत्या कागदात अडकला आहे, तर त्या दिवशी तिथे झेंडा खऱ्या अर्थाने चढेल. तो कोणी नेऊन पोचवलेला नसेल.